स्टॉपर ते प्रशिक्षक: पोचेत्तिनोच्या वाटेवरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ३२ असून मुंबईच्या फुटबॉल लीगमध्ये एका कार्यालयीन संघाकडून तुम्ही दहा वर्षे स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळत आहात. आता प्रशिक्षणाकडे वळायचे आहे, परंतु संघातील ज्येष्ठ खेळाडू सांगतात की बचावपटू प्रशिक्षक झाला की त्याचा संघ मागे बसतो. मॉरिसिओ पोचेत्तिनो तुमचा आवडता प्रशिक्षक आहे आणि तोही स्टॉपरच होता. तेव्हा त्याच्या कारकिर्दीवरून या म्हणण्यात तथ्य दिसते का, आणि त्यातून तुम्ही नेमके काय घ्यावे? मी स्वतः चौदा वर्षे त्याच जागी खेळलो आणि नंतरची बावीस वर्षे मुंबईत मुलांना व मोठ्यांच्या संघांना शिकवत आलो आहे. हा प्रश्न मला फार जवळचा असल्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमच्या ज्येष्ठांना आधी एक आकडा दाखवा. इंग्लंडच्या २०१६-१७ च्या प्रीमियर लीगमध्ये पोचेत्तिनोच्या टॉटनहॅमने ८६ गोल केले, जे त्या हंगामात सर्वाधिक होते, आणि फक्त २६ गोल स्वीकारले, जे सर्वांत कमी होते. ८६ गुण मिळवूनही विजेतेपद चेल्सीला गेले, ही गोष्ट निराळी. मागे बसणाऱ्या संघाचे हे आकडे नाहीत. मात्र केवळ एवढ्यावर ज्येष्ठांचे म्हणणे खोडून काढणे मला पटत नाही, कारण त्यांनी जे पाहिले आहे ते मीही पाहिले आहे आणि काही काळ स्वतः केलेही आहे. स्टॉपर प्रशिक्षक झाल्यावर त्याचा संघ मागे का सरकतो, आणि पोचेत्तिनोचा का सरकला नाही, हे समजून घेतले तरच तुमच्या हाती काही लागेल.

पोचेत्तिनोचा जन्म १९७२ साली अर्जेंटिनातील सांता फे प्रांतातील मर्फी या लहान गावात, शेतकरी कुटुंबात झाला. मार्सेलो बिएल्सा आणि होर्हे ग्रिफा हे रोसारिओच्या न्यूवेल्स ओल्ड बॉइज क्लबसाठी मुले शोधत गावोगाव फिरत असत. ते एका मध्यरात्री त्याच्या घरी आले आणि झोपलेल्या मुलाचे पाय पाहून त्यांनी त्याला निवडले, ही गोष्ट त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. ती ऐकायला गोड आहे, पण आपल्या दृष्टीने तिच्यानंतरची वर्षे महत्त्वाची आहेत. १९९० मध्ये बिएल्सा न्यूवेल्सच्या मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला आणि विशीच्या आतबाहेरचा पोचेत्तिनो त्या संघाच्या बचावफळीत उभा राहिला. त्या संघाने अर्जेंटिनाच्या लीगचे १९९०-९१ चे विजेतेपद आणि १९९२ चे क्लाउसुरा, म्हणजे हंगामाच्या दुसऱ्या टप्प्याचे, विजेतेपद मिळवले. १९९२ च्या कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो साओ पाउलोकडून पेनल्टींवर हरला. पुढे १९९८ मध्ये बिएल्सा काही महिन्यांसाठी बार्सिलोना शहरातल्या एस्पान्योल या स्पॅनिश क्लबला आला, तेव्हा पोचेत्तिनो तिथेच खेळत होता. बिएल्सा अर्जेंटिनाचा प्रशिक्षक झाल्यावर राष्ट्रीय संघाचे दारही पोचेत्तिनोसाठी उघडले. म्हणजे एकाच गुरूच्या हाताखाली तो तीन वेगवेगळ्या संघांत खेळला. त्या गुरूची शिकवण अशी होती की चेंडू गेला की मागे पळायचे नाही, पुढे जाऊन तो परत घ्यायचा. सतराव्या-अठराव्या वर्षी ज्या मुलाच्या अंगात हे मुरले, त्याच्या मनात ‘बचाव’ या शब्दाचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळाच तयार झाला.

आपल्याकडे स्टॉपर कसा घडतो ते आठवा. शाळेतला उंच आणि दांडगा मुलगा मागे उभा केला जातो, चेंडू आला की लांब मारायला सांगितले जाते, आणि लांब मारला की बाहेरून शाबासकी मिळते. पावसाळ्यात आझाद मैदानावर किंवा परळच्या मैदानावर चिखलात खेळताना ते शहाणपणाचेही असते, कारण साचलेल्या पाण्यात पास अर्ध्यावर थांबतो. पण दहा-पंधरा वर्षे हेच केल्यावर धोका नेहमी आपल्या बॉक्समध्येच, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीतच येणार आणि तो तिथेच निवारायचा, अशी डोळ्यांना सवय होते. असा माणूस प्रशिक्षक झाला की तो संघाला धोक्याजवळ नेऊन ठेवतो, कारण धोका हाताळण्याची तेवढीच एक जागा त्याला माहीत असते. तुमच्या ज्येष्ठांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र खेळण्याच्या जागेत शोधू नये, त्या जागेवर उभे राहून आपण काय शिकलो यात शोधावे.

आता जागेची जमेची बाजू. स्टॉपरला संपूर्ण खेळ समोर दिसतो. आघाडीपटू बहुतेक वेळ गोलकडे पाठ करून चेंडू घेतो, कडेने खेळणारा विंगर अर्धे मैदानच पाहतो, पण तुमच्यासमोर दहा प्रतिस्पर्धी आणि बहुतेक सगळे सहकारी असतात, आणि तुम्हाला सतत बोलावे लागते: कुणाला पुढे ढकला, कुणाला आत घ्या, कुणाच्या पाठीमागे माणूस आहे. बोलत बोलत दुसऱ्याला योग्य जागी उभे करणे हेच प्रशिक्षकाच्या कामाचे मूळ आहे. जो स्टॉपर गप्प राहून केवळ टॅकल करतो, त्याला प्रशिक्षण जड जाते, असा माझा अनुभव आहे.

खेळाडू म्हणून पोचेत्तिनो कुठवर पोहोचला हेही नीट पाहायला हवे, कारण तो फार मोठा तारा नव्हता. अर्जेंटिनाकडून तो २० सामने खेळला. एस्पान्योलबरोबर त्याने २००० आणि २००६ असा दोनदा कोपा देल रे हा स्पेनचा चषक जिंकला, आणि मधल्या काळात पॅरिस सेंट जर्मेन व बोर्दो या फ्रेंच क्लबांत खेळला. जगाच्या लक्षात मात्र राहिली ती ७ जून २००२ ची साप्पोरोमधील विश्वचषकाची लढत. मध्यंतराच्या तोंडावर बॉक्समध्ये शिरलेल्या मायकेल ओवेनसमोर त्याने पाय टाकला, पंच कोलिना यांनी पेनल्टी दिली, बेकहॅमने ती मारली आणि इंग्लंड १-० ने जिंकले. अर्जेंटिना साखळीतच बाद झाला. ती पेनल्टी खरी होती की नाही यावर वाद झाला आणि होत राहील. स्टॉपरच्या आयुष्याचे सारे स्वरूप त्या एका क्षणात दिसते, असे मला वाटते: ८९ मिनिटे चोख खेळलात तरी एका पावलाचा हिशेब तुमच्या नावावर कायमचा लागतो. त्यातून बाहेर पडलेला माणूस चूक केलेल्या खेळाडूशी कसे बोलायचे हे जाणतो. चूक केलेल्या बचावपटूला पुढच्या सामन्यात पुन्हा उतरवण्याचे धैर्य दाखवणारे प्रशिक्षक मी ज्यांना ज्यांना पाहिले, त्यांपैकी बरेच जण स्वतः बचावात खेळलेले होते.

२००६ मध्ये खेळणे थांबवल्यावर तो लगेच कुठल्या मोठ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला नाही. मधल्या अडीच वर्षांत त्याने अभ्यास केला आणि २००८ च्या अखेरीस काही काळ एस्पान्योलच्या महिला संघासोबत साहाय्यक म्हणून काम केले. जानेवारी २००९ मध्ये एस्पान्योल तळाच्या तीन संघांत अडकला होता आणि त्या एकाच हंगामातला तिसरा प्रशिक्षक म्हणून त्याला बोलावले गेले. पहिलाच सामना शहरातल्या बार्सिलोनाविरुद्ध कोपा देल रेमध्ये होता आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. पुढच्याच महिन्यात कॅम्प नोऊवर लीगमध्ये त्यांनी त्याच बार्सिलोनाला, म्हणजे पेप ग्वार्डिओलाच्या तीन किताब जिंकणाऱ्या संघाला, २-१ असे हरवले. दोन्ही गोल इव्हान दे ला पेन्याचे होते. हंगाम संपला तेव्हा एस्पान्योल दहाव्या क्रमांकावर होता.

या टप्प्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण तुमच्यासमोर येणारी सर्वांत मोठी अडचण याच टप्प्यात आहे. ज्या ड्रेसिंग रूममध्ये तो अडीच वर्षांपूर्वी खेळाडू म्हणून बसत होता, तिथेच आता संघ निवडण्यासाठी उभा होता. राउल तमुदो हा एस्पान्योलचा मोठा गोलवीर त्याचा जुना सहकारी होता आणि दोन्ही कोपा देल रे त्यांनी एकत्र जिंकले होते. २००९-१० मध्ये तमुदोला फारशी संधी मिळाली नाही आणि त्या हंगामानंतर त्याने क्लब सोडला. त्यात बरोबर कोण आणि चूक कोण, हे बाहेरून ठरवणे योग्य नाही. पण तुम्ही तुमच्याच कार्यालयीन संघाचे प्रशिक्षक झालात, तर ज्याच्यासोबत दहा वर्षे चर्चगेटहून शेवटची लोकल पकडली, त्यालाच एके दिवशी राखीव खेळाडूंत बसवावे लागेल. त्यासाठी तुमची तयारी आहे का, हे प्रशिक्षक-परवान्याचा अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा. मी माझ्याच जुन्या संघाचा प्रशिक्षक झालो तेव्हा हे मला जमले नाही. एका मित्राला वगळायला हवे होते, तरी मी त्याला अर्धा हंगाम खेळवत राहिलो. त्यात त्याचेही नुकसान झाले आणि संघाचेही.

त्याहून कठीण प्रसंग ऑगस्ट २००९ चा. त्याच उन्हाळ्यात कर्णधार झालेला २६ वर्षांचा स्टॉपर दानी हार्के इटलीतील सराव शिबिरात हृदय बंद पडून मरण पावला. नव्या मैदानाचे उद्घाटन होऊन आठवडाही झाला नव्हता. कर्णधार, त्यातही बचावाचा कणा, गमावलेल्या संघाला सावरून पोचेत्तिनोने तो हंगाम अकराव्या क्रमांकावर पूर्ण केला. त्याच्या कारकिर्दीबद्दल बोलताना लोक चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीचे नाव घेतात. मला तो अकरावा क्रमांक अधिक मोठा वाटतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये संघ पुन्हा तळाला गेला आणि त्याने क्लब सोडला.

जानेवारी २०१३ मध्ये तो इंग्लंडच्या साउदॅम्प्टन क्लबला आला तेव्हा पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोलत असे, तरीही २०१३-१४ मध्ये संघ आठवा आला आणि ल्यूक शॉ, लल्लाना, लॅम्बर्ट हे तिघे इंग्लंडच्या विश्वचषक संघात गेले. मुंबईत हिंदी, मराठी, कोंकणी, मल्याळम बोलणारी मुले एका संघात असतात. भाषा अडते अशी तक्रार नवे प्रशिक्षक माझ्याकडे करतात, तेव्हा मी त्यांना हे उदाहरण देतो. मैदानावर आखलेली रेषा आणि नीट रचलेला सराव बरेचसे बोलून जातो.

टॉटनहॅममधली २०१४ ते २०१९ ही वर्षे तुमच्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याची आहेत, म्हणून त्यातली रचना सांगतो. चेंडू संघाकडे असताना एरिक डायर मध्यरक्षकाच्या जागेवरून मागे सरकून आल्डरवायरेल्ड व व्हर्टोंघन या दोन स्टॉपरांच्या मध्ये येई. त्यामुळे मागे तिघे होत आणि वॉकर व रोझ हे दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, जवळपास विंगर होऊन वर जात. चेंडू गेला की सगळे जिथे असतील तिथूनच दबाव टाकत. बचावफळी मध्यरेषेच्या आसपास उभी राही आणि पाठीमागची मोकळी जागा गोलरक्षक लॉरिस बॉक्सच्या बाहेर येऊन सांभाळे. ही रचना ऐकायला धाडसी वाटते, पण तिच्या मुळाशी असलेला नियम स्टॉपरच्याच शाळेतला आहे: चेंडूवर दबाव असेल तर फळी पुढे, दबाव नसेल तर फळी मागे. समोरच्याला मान वर करून पाहायला सवड मिळाली की तो तुमच्या डोक्यावरून लांब पास टाकणार. सवड मिळाली नाही तर मागच्या चाळीस मीटरचा त्याला काहीच उपयोग नाही. म्हणून आघाडीपटू हॅरी केनचे पहिले धावणे हे आल्डरवायरेल्डचे संरक्षण ठरते. आघाडीपटू एक सेकंद उशिरा निघाला तर स्टॉपर उघडा पडतो, हे ज्याने स्वतः उघडे पडून अनुभवले आहे, तोच आघाडीपटूकडून ते धावणे हक्काने मागू शकतो. माझ्या मते बचावपटू-प्रशिक्षकाची खरी ताकद हीच आहे. त्याने आपल्या बचावाचे काम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आघाडीपटूंच्या पायांत नेऊन ठेवावे.

यात एक सावधगिरी मुंबईसाठी. कूपरेजच्या कृत्रिम गवतावर ही पद्धत चालते, कारण तिथे चेंडू सरळ आणि जलद येतो. जुलैतल्या मातीच्या मैदानावर पाठीमागे टाकलेला चेंडू डबक्यात थांबतो, गोलरक्षकाचा अंदाज चुकतो आणि वळताना स्टॉपरचा पाय घसरतो. तिथे फळी दहा-बारा मीटर खाली घ्या, पण आघाडीपटूंचे धावणे थांबवू नका.

टॉटनहॅमच्या काळातला एकच प्रसंग निवडायचा झाला तर मी ८ मे २०१९ ची आम्सटरडॅममधली चॅम्पियन्स लीगची उपांत्य लढत निवडेन. लंडनमधला पहिला सामना आयाक्सने १-० ने जिंकला होता आणि दुसऱ्यात मध्यंतराला ते २-० ने पुढे होते, म्हणजे टॉटनहॅमला ४५ मिनिटांत तीन गोल हवे होते (एकूण बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल तेव्हा वरचढ ठरत). पोचेत्तिनोने बचावात्मक मध्यरक्षक वान्यामाला काढून उंच आघाडीपटू योरेन्तेला उतरवले. लांब चेंडू योरेन्तेच्या दिशेने जाऊ लागले, आयाक्सचे तरुण स्टॉपर मागे ओढले गेले, मध्ये जागा झाली आणि लुकास मौराने तीन गोल केले. तिसरा भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला. आपल्याला कुठला बदल नकोसा वाटतो हे प्रत्येक स्टॉपरला ठाऊक असते: समोर एकाऐवजी दोन माणसे येणे, त्यातला एक हवेत जिंकणारा असणे. पोचेत्तिनोने स्वतःच्या जुन्या भीतीचा आयाक्सवर उपयोग केला, असे मी त्या बदलाकडे पाहतो.

माझ्या पहिल्या हंगामात मी नेमके उलट केले होते. पावसातला सामना, आम्ही १-० ने पुढे, वीस मिनिटे बाकी. मी आघाडीपटू काढला आणि पाचवा बचावपटू आत आणला. पुढे चेंडू धरून ठेवणारा कुणी उरला नाही, लांब मारलेला प्रत्येक चेंडू दहा सेकंदांत परत आमच्याच बॉक्समध्ये आला, आणि एक लांब थ्रो व एक कॉर्नर यांवर आम्ही २-१ ने हरलो. त्या रात्री मला कळले की बाहेर उभा असूनही मी मनाने अजून आत, सहा यार्डांच्या रेषेवरच उभा होतो.

तीन आठवड्यांनी माद्रिदमधल्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलने टॉटनहॅमला २-० ने हरवले. त्यात दुखापतीतून परतलेल्या केनला सुरुवातीला खेळवून मौराला बाहेर बसवले गेले, आणि तो निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोचेत्तिनोला काढण्यात आले. २०१८ चा उन्हाळा आणि जानेवारी २०१९ अशा दोन खेळाडू-खरेदी कालखंडांत क्लबने एकही नवा खेळाडू घेतला नव्हता, आणि पाच वर्षे त्याच माणसांकडून तेच धावणे मागितल्यावर पाय थकतात, हेही त्या घसरणीचे एक कारण मी मानतो. पुढचे थोडक्यात सांगतो. पॅरिसमध्ये त्याने २०२१-२२ ची लीग जिंकली, परंतु मेस्सी, नेमार आणि एम्बापे एकत्र असताना पहिल्या फळीचा दबाव उभा राहिला नाही, आणि तो पाया निखळल्यावर त्याचा संघ त्याचा वाटेना. चेल्सीत २०२३-२४ मध्ये सहावे स्थान मिळवून तो एका हंगामात बाहेर पडला. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि २०२५ च्या गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात त्याचा संघ मेक्सिकोकडून १-२ ने हरला.

‘बेकेनबाउअरकडे तर परवानाही नव्हता’ असा युक्तिवाद तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. हे खरे आहे की १९८४ मध्ये परवाना नसल्यामुळे पश्चिम जर्मनीने आपल्या या जुन्या बचावपटूला वेगळ्या पदनामाने प्रशिक्षक नेमले, आणि १९८६ ची अंतिम फेरी हरून १९९० चा विश्वचषक त्याने जिंकून दिला. पण लिबेरो, म्हणजे बचावफळीमागचा मोकळा खेळाडू, म्हणून त्याने खेळाची एक जागाच नव्याने घडवली होती. तुम्ही आणि मी एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी परवान्यापासून सुरुवात करून एएफसीच्या (आशियाई महासंघाच्या) सी, बी, ए आणि प्रो या पायऱ्या चढाव्यात. आदर्श जवळचे हवे असतील तर १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या भारतीय संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन बचावपटूच होते आणि प्रशिक्षक म्हणून त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून देणारे डेरिक परेरा हेही गोव्याचे बचावपटू. तो संघ २०१० मध्ये बंद झाला, याची खंत मला आजही आहे.

आता तुमच्यापुरते. खेळाडू आणि प्रशिक्षक ही दोन कामे एकाच हंगामात करू नका. पोचेत्तिनोने मध्ये घेतलेली अडीच वर्षे तुम्हाला शक्य नसतील, तर निदान एक हंगाम पूर्ण थांबा. त्या हंगामात एखाद्या शाळेच्या किंवा मुलींच्या संघाकडे साहाय्यक म्हणून जा आणि तिथे बचाव शिकवायला घेऊ नका, आघाडीच्या तिघांचा सराव मागून घ्या, कारण मैदानाचा तोच भाग तुम्ही कमीत कमी पाहिलेला आहे. सामने पाहताना मुख्य स्टँडमध्ये न बसता प्रतिस्पर्ध्यांच्या गोलमागे उभे राहा. पहिले काही सामने काहीच कळणार नाही, नंतर तुमच्याच जागेवरचा स्टॉपर कधी अडचणीत येतो ते समोरून दिसू लागेल. ते वहीत लिहून ठेवा. सोबत एक विश्वासू माणूस शोधा. पोचेत्तिनो जाईल तिथे त्याच्याबरोबर जाणारा गोलरक्षक-प्रशिक्षक टोनी हिमेनेझ हा २००० च्या त्या कोपा देल रे अंतिम सामन्यात अॅटलेटिकोकडून समोर खेळत होता. त्याच्या हातातला चेंडू तमुदोने डोक्याने पळवला, गोल केला, आणि पोचेत्तिनोला पहिला चषक मिळाला. तुमच्या लीगमधल्या प्रतिस्पर्ध्यांतही असा कुणी असेल. यंदाच्या हंगामात त्याच्याशी बोलून ठेवा.